लिफ्टमध्ये मरणारे पिमकाका

आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये एक इंग्रज म्हातारा रोज सकाळी मरतो.

बहुतेक वेळा गोळी लागून. कधी बॉम्बने, कधी बुडून. लिफ्टच्या मागच्या भिंतीला आरसा आहे. त्यात बघत तो आधी डोळे विस्फारतो, मग तोंड वाकडं करतो, छातीवर हात दाबतो आणि तळमजला येईपर्यंत भिंतीवरून अर्धा खाली घसरलेला असतो. दार उघडलं की सरळ उभा राहतो, बाहेर ताटकळलेल्या लोकांना "मॉर्निंग, मॉर्निंग" करतो आणि कॉफी प्यायला निघून जातो.

सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागातल्या या जुन्या ब्लॉकमध्ये आम्ही राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या बायकोने हा मृत्यू पाहिला. शुभदा नवव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरली, हे आठव्यावर शिरले आणि सहाव्याच्या आसपास गेले. शुभदाने घाबरून हाताला लागेल ते प्रत्येक बटण दाबलं. त्यामुळे लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत गेली आणि प्रत्येक मजल्यावरच्या लोकांना मरणारा म्हातारा आणि किंचाळणारी बाई असा देखावा बघायला मिळाला. दुसऱ्या मजल्यावर म्हाताऱ्याने एक डोळा उघडला.

"मॅडम," तो अदबीने म्हणाला, "जरा जास्त झालं का?"

शुभदा घरी येऊन अँब्युलन्सचा नंबर शोधायला लागली. आमच्या मुलीला, ईशाला, खालच्या पोरांकडून आधीच कळलेलं होतं. ती पुस्तकातून मान वर न करता, इथल्या लोकांसारखा वाक्याला 'ला' जोडत म्हणाली, "आय्या ममा, तो रोजच मरतो ला. मरू दे ना."

नाव लेनर्ड पिम. वय ऐंशीच्या पुढे. किडकिडीत, उंच, खिशाला कायम पेन्सिल. शुभदाने महिन्याभरात त्यांचं पिमकाका करून टाकलं. काका म्हणजे काय, हे त्यांनी नीट विचारून घेतलं. वडिलांचा भाऊ, असं कळल्यावर गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या वडिलांना कल्पना दिली आहे ना?"

पिमकाकांचा धंदा चित्रं काढायचा. इंग्लंडमध्ये मुलांची साप्ताहिकं निघायची, स्वस्त कागदावर, काळ्या-पांढऱ्या चित्रकथांची. दर आठवड्याला दोन पानं, आणि शेवटच्या चौकटीत नायक मरणाच्या दारात. पिमकाकांनी तरुणपणापासून वीस-बावीस वर्षं असे नायक मरणाच्या दारात नेले आणि पुढच्या आठवड्यात परत आणले. मरणारा माणूस कसा दिसतो ते विचारायला ओळखीत कोणी मेलेलं नव्हतं, म्हणून आरसा. काम सुटलं तरी सवय सुटली नाही.

आणि या सगळ्या पानांवर त्यांचं नाव कुठेही नाही. त्या धंद्यात तसा नियमच होता. चित्रकाराने सही करायची नाही. मुलांना एखादा चित्रकार आवडू लागला तर तो डोक्यावर बसेल किंवा दुसरं साप्ताहिक त्याला पळवेल, अशी मालकांना भीती. कोणी सही केलीच तर ऑफिसात पांढऱ्या रंगाने पुसून टाकायचे.

धंद्याने माणसाला घडवलं म्हणतात, पिमकाकांना जरा जास्तच घडवलं आहे. त्यांना फोटो काढायला सांगू नये. गणपतीत आमच्या घरी आले होते, तेव्हा शुभदाने भोळेपणाने मोबाईल दिला. फोटोत आम्ही सगळे तळाशी, गळ्यापर्यंत बुडाल्यासारखे, आणि वर दोन तृतीयांश नुसती भिंत. "डोक्यावर जागा सोडायलाच हवी," ते म्हणाले. "नाहीतर तुमचं बोलणं कुठे लिहिणार?"

दुसरा नियम, जो आधी बोलणार तो डावीकडे. इंग्रजी डावीकडून वाचतात, म्हणून आधी बोलणारा उजवीकडे असला की संवादाचे फुगे एकमेकांत अडकतात. हा नियम ते लोकांच्या घरातही पाळायला लावतात. एकदा माझं आणि शुभदाचं त्यांच्यासमोरच वाजलं. ईशाच्या क्लासवरून काहीतरी होतं. पिमकाका अस्वस्थ होऊन चुळबुळ करत होते. शेवटी राहवेना तेव्हा उठले आणि शुभदाला खांद्याला धरून हळूच माझ्या डावीकडे आणून उभं केलं.

"आता बोला," ते म्हणाले. "सुरुवात नेहमी तुम्हीच करता."

शुभदा इतकी हसली की भांडण तिथेच राहिलं.

इंग्लंडमधली साप्ताहिकं बंद पडली तेव्हा ते बायकोबरोबर सिंगापूरला आले आणि इथे एका छोट्या छापखान्यासाठी सुरक्षेच्या पाट्या काढू लागले. सरकत्या जिन्यावर पळू नका, ओल्या फरशीवर घसराल, असल्या. तुम्ही कधी इथल्या एखाद्या जुन्या इमारतीत ती पाटी पाहिली असेल तर विसरला नसाल. जिन्यावरून पडणारा साधा काळा माणूस, पण त्याचा एक हात असा पसरलेला की वाटावं, त्याने आत्ताच कोणाला तरी वाचवलं आणि आता स्वतः चालला आहे. छापखान्याच्या मालकाने पुढे ती पाटी छापायचं बंद केलं. "लोक वाचायला थांबतात आणि मागचे त्यांच्यावर आदळतात," अशी तक्रार होती म्हणे.

त्यांची बायको रोझीआंटी इथलीच. तरुणपणी नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेली. तिथे एका रात्रपाळीला हा पेशंट आला, मनगट मोडलेला. छत्रीधारी सैनिक जमिनीवर उतरताना गुडघे कसे वाकवतो ते बघायला कपाटावरून उडी मारली होती. "मी विचारलं, कोणी ढकललं का? तर म्हणतो, नाही, ऑर्डर होती." रोझीआंटी हे सांगताना दर वेळी नव्याने चिडते. "वेडा माणूस ला! आणि मी वेडी, लग्न केलं!"

इथपर्यंत सगळं गमतीचं. आता माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल. मी मुळात कमी बोलतो, आणि स्वतःच्या चुकांबद्दल तर मुळीच नाही. पण पिमकाकांची पुढची गोष्ट माझ्या चुकीतून गेल्याशिवाय सांगता येत नाही.

मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग बघतो. ऑफिस इथून दोन बसस्टॉपवर. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायची आणि नोंदवायची, एवढंच माझं काम. पंचवीस वर्षं केल्यावर नजर तशीच होते. आणि खरं सांगायचं तर ती लहानपणापासूनच तशी होती.

पुण्यात आम्ही राहायचो तेव्हा माझं इंग्रजी सुधारावं म्हणून वडील कॅम्पातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडून तीच ती इंग्लंडची साप्ताहिकं आणायचे. अंक सलग कधीच नसत. त्यामुळे कड्यावरून लोंबकळणारा सार्जंट पॅडक पुढच्या मिळालेल्या अंकात निवांत चहा पीत बसलेला असे. सार्जंट पॅडक हा ब्रह्मदेशाच्या जंगलात लढणारा शिपाई, आणि त्याच्याबरोबर ड्यूक नावाचं हट्टी खेचर. इंग्रजी सुधारलं की नाही माहीत नाही, पण मरताना "आर्घ" कसं म्हणायचं ते पक्कं झालं. एक गोष्ट मात्र मी तेव्हाच पकडली होती. काही अंकांत ते खेचर लाकडी होतं, चार खांबांवर ठेवलेल्या पेटीसारखं. आणि काही अंकांत जिवंत. कान असे की मनात काय चाललंय ते कळावं. मी वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "खेचरं काय बघतोस, वाक्यं वाच."

आणि मग गेल्या वर्षी, आमच्या खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, ते खेचर मला टेबलावर भेटलं.

इथे जेवायला गेलं की आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं, म्हणजे टेबल आपलं. कोणी हात लावत नाही. पिमकाका पाकिटाखाली एक कागदाचा कपटा सरकवतात आणि त्यावर राखणदार काढून ठेवतात, कधी वाघ, कधी हवालदार. त्या दिवशी खेचर होतं. एक कान मागे, एक पुढे. बसलात तर लाथ घालीन, असं स्पष्ट म्हणत होतं.

पिमकाका हातात नूडल्सचा वाडगा घेऊन आले, मागून रोझीआंटी.

"हा ड्यूक आहे," मी म्हणालो. "सार्जंट पॅडक तुम्ही काढलात!"

पिमकाकांनी वाडगा खाली ठेवला. 

"पॅडक हॅरल्ड बीमिशने काढला," ते म्हणाले. "सगळ्यांना माहीत आहे."

"खोटं बोलतोय ला!" रोझीआंटी कडाडली. "अकरा वर्षं माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर काढला! त्या खेचरावर माझं सोया सॉस सांडलंय!"

"रोझी."

"रोझी काय रोझी!"

ते टिश्यू आणायला म्हणून उठले, टिश्यू समोरच असताना. ते लांब गेल्यावर रोझीआंटी आवाज खाली आणून माझ्याशी बोलली. दोन महिन्यांपूर्वीच त्यांना पेसमेकर बसवला होता. "हा गेला तर पेपरात मी काय लिहू, मिस्टर केळकर? रोझीचा नवरा, बास? मला एकदा तरी त्याच्या चित्राखाली त्याचं नाव बघायचंय. मी जिवंत असताना."

मी त्या रात्रीच कामाला लागलो. इंग्लंडमध्ये या जुन्या साप्ताहिकांचे वेडे आहेत. त्यांची एक वेबसाइट आहे, कुठली गोष्ट कोणी काढली ते शोधून तिथे लिहितात, वाद घालतात. सार्जंट पॅडक: चित्रकार हॅरल्ड बीमिश, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी ऑफिसात लिहितो तसंच लिहिलं. चूक काय, बरोबर काय, पुरावा काय. तिथल्याच जुन्या पानांवरचं लाकडी खेचर, जिवंत खेचर, शेजारी टिश्यूखालचं खेचर, तिन्हींचे फोटो. लिहून झोपलो तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. पिमकाकांना मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नव्हतं.

तिथले लोक आनंदाने वेडे झाले. कोणी म्हणे आम्हाला संशय होताच, कोणी म्हणे बीमिश म्हणजे लबाड निघाला. चौथ्या दिवशी त्या गर्दीत एक बाई येऊन एवढंच लिहून गेली:

"मी हॅरल्ड बीमिश यांची मुलगी, जून. पॅडक माझ्या वडिलांनीच काढला. रोज संध्याकाळी ते काढायचे आणि मी शेजारी बसायचे. ते वारले आहेत, उत्तर देऊ शकत नाहीत. कृपा करून त्यांना लबाड म्हणू नका."

मी लॅपटॉप बंद केला. नंतर मी काय केलं? काहीही नाही. मी लिफ्ट सोडली. नवव्या मजल्यावरून जिन्याने जायला लागलो, सकाळी उतरताना आणि संध्याकाळी चढतानाही. डॉक्टरांनी सांगितलंय, असं शुभदाला सांगितलं. तीन आठवड्यांनी तिने मला जिन्यात गाठलं, सहाव्या मजल्यावर, मी धापा टाकत असताना.

"कुठल्या डॉक्टरांनी?"

मी सगळं सांगितलं. तिथेच, पायरीवर बसून. ती ऐकत राहिली.

"ऑफिसात कोणाच्या कामात काही सापडलं की आधी त्या माणसाला विचारता ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग इथे काय झालं होतं?"

मी पायरीवरची बॅग उचलली. "उद्या लिफ्टने जा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आठव्या मजल्यावर पिमकाका शिरले, मला बघून खूश झाले आणि लगेच मरायला लागले. या वेळी विष होतं. त्यांचे डोळे फिरत असताना मी बोलत सुटलो. वेबसाइट, खेचर, जून, लबाड, सगळं. ते मध्येच थांबले, एक हात गळ्याशी तसाच. तळमजला आला, दार उघडलं, मिटलं, आम्ही पुन्हा वर निघालो.

"काढून टाका," ते म्हणाले. मी त्यांना इतक्या साध्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

त्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी, त्यांनी मग सांगितलं. रोझीआंटी हाताची घडी घालून उभी होती.

"ऑफिसात सह्या पुसणारा पोरगा होता ना, तो मीच," पिमकाका म्हणाले. "पांढऱ्या रंगाची बाटली आणि ब्रश. पहिली नोकरी. हॅरल्ड बीमिश दर आठवड्याला सही लपवायचा. गवतात, पट्ट्याच्या बकलात, खेचराच्या शेपटीत. मी शोधायचो. कधी कधी सापडूनही सोडून द्यायचो. त्याने ते ओळखलं. मग एक दिवस म्हणाला, एवढं बारीक बघतोस तर काढायला शीक. शिकवलं त्याने मला. सगळं. खेचर सोडून. खेचर त्याला कधीच जमलं नाही."

पुढे हॅरल्डचा हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग रेघच धरेना. साप्ताहिकाला कळलं असतं तर काम गेलं असतं. घरी बायको आणि लहान मुलगी. तेव्हा पिमकाका घरी बसून पानं काढू लागले, अगदी हॅरल्डच्या हातासारखी. फक्त खेचर त्यांचं राहिलं, कारण वाईट खेचर काढायला हात तयार होईना. ती पानं हॅरल्डकडे जायची आणि तिथून ऑफिसात.

"नाव नाही हा नियम बाकी सगळ्यांना शिक्षा होती," ते म्हणाले. "आमच्यासाठी ती छत्री झाली."

"पण मग ती मुलगी म्हणते, ती शेजारी बसायची," मी म्हणालो.

"बसायचीच. ती खोटं नाही बोलत. काळं हॅरल्ड भरायचा." त्यांनी खिशातली पेन्सिल काढून समजावलं. ज्या जागा काळ्या करायच्या, रात्रीचं आकाश, जंगल, सावल्या, तिथे ते रेघ मारून आत छोटी फुली करून ठेवायचे. जाड ब्रशने त्या भरताना हात थरथरला तरी कळत नाही. "अर्धं पान रात्रच असायचं. ती सगळी रात्र त्याची आहे, केळकर. त्या बाईने वडिलांना रोज काम करताना पाहिलं आणि तुम्ही ते तिच्यापासून काढून घेतलंत."

मी मान खाली घातली.

"आणि माझं?" रोझीआंटी म्हणाली. "माझ्यापासून कोणी काढून घेतलं? साठ वर्षं व्हायला आली, मी म्हणतेय का लबाड हॅरल्ड? मला फक्त नाव हवंय."

"मी नावाशिवाय नीट जेवलो, रोझी. ती आता वडिलांशिवाय कशी जेवेल?"

 शेवटी तोडगा रोझीआंटीनेच काढला. "तिच्याशी बोल," ती नवऱ्याला म्हणाली. "लांबून लांबून कसले हे उपकार? बोल तिच्याशी. मग ती सांगेल ते करू. ती म्हणाली नको, तर मी पुन्हा कधी नाव काढणार नाही."

म्हातारा घाबरला होता. कपाटावरून उडी मारणारा, रोज मरणारा माणूस. मला म्हणाला, "तुम्हीच लिहा. सुरुवात तुम्ही केलीत."

मी लिहिलं. यात माझ्याशिवाय कोणाचा दोष नाही, मिस्टर पिम यांना न विचारता मी हे केलं, तुम्ही म्हणाल तर आजच काढून टाकतो, पण त्याआधी एकदा त्यांच्याशी बोलाल का. आठवडाभर काही आलं नाही. मग एका ओळीचं उत्तर आलं. रविवारी बोलेन.

तिची सकाळ होती, आमची दुपार टळलेली. रोझीआंटीच्या टेबलावर माझा लॅपटॉप, समोर पिमकाका इस्त्रीचा शर्ट घालून, बाजूला रोझीआंटी, मागे मी. पडद्यावर साठीच्या पुढची, पांढऱ्या केसांची बाई, पाठ ताठ.

"मिस्टर पिम," ती म्हणाली, "मी तुम्हाला ओळखत नाही. घरी तुमचं नाव कधी ऐकलं नाही."

"नाही," पिमकाका म्हणाले. "तसंच ठरलं होतं." आणि थांबले. रोझीआंटीने टेबलाखालून त्यांना ढोसलं. "तुमचे वडील फार सुंदर रात्र भरायचे."

ती कॅमेऱ्याजवळ सरकली. "तुम्हाला कसं माहीत?"

"कडेला जरा मोकळं सोडायचे. अगदी केसाएवढं. म्हणजे अंधारातही माणूस दिसतो. ते दुसऱ्या कोणाला जमायचं नाही."

तिची पाठ थोडी सैल झाली. "त्यांचा हात थरथरायचा," ती म्हणाली. "पण काळं भरताना कळायचं नाही. मला म्हणायचे, फुली दिसते ना, तिथे भर. मोठ्या जागा ते भरायचे, लहान मी. मला फार अभिमान..." आणि ती मध्येच थांबली. "फुल्या निळ्या होत्या."

"हो," पिमकाका म्हणाले. "निळी पेन्सिल छापताना उमटत नाही."

"बाबांच्या टेबलावर निळी पेन्सिल नव्हती. मी सगळे खण शोधले होते, मला हवी होती म्हणून." तिने चष्मा काढला. "मग फुल्या कोण काढायचं?"

पिमकाकांनी शाळेत वर करतात तसा हात वर केला.

 मागे उभं राहून मला वाटलं, संपलं. मी एका माणसाचे वडील दुसऱ्यांदा काढून घेतले.

"लहान जागा तुम्ही भरायचात ते मला माहीत होतं," पिमकाका सावकाश म्हणाले. "बूट. एका आठवड्याचं पान छापून आलं, तर पॅडकच्या बुटाचं काळं पुढे बाहेर सांडलेलं. हॅरल्डचा हात थरथरायचा, पण त्याचं थरथरणं मला पाठ होतं. हे त्याचं नव्हतं. हे कोणीतरी जीभ बाहेर काढून भरलं होतं."

जूनच्या तोंडून बारीकसा आवाज आला.

"तेव्हापासून मी बूट मोठे काढायला लागलो. मोठा बूट, जाड रेघ. म्हणजे बाहेर जायची भीती नको."

"काय?" रोझीआंटी एकदम वळली. "मला तर म्हणालास बूट जमत नाहीत! त्या संपादकाने झाप झाप झापलं होतं बिचाऱ्या हॅरल्डला! म्हणाला, सार्जंट मागितला होता, बदक काढलंय!"

"झापलं होतं खरं."

"आणि मी इतकी वर्षं लोकांना सांगत फिरतेय, माझ्या नवऱ्याला सगळं येतं, फक्त पाय येत नाहीत!"

जून रडत होती की हसत होती, पडद्यावर नीट कळत नव्हतं. "बाबा मला म्हणायचे," ती कशीबशी म्हणाली, "जून, तुझा हात सुधारतोय बरं का."

मग तिने डोळे पुसले, कागद ओढला आणि एकदम कामाच्या आवाजात बोलू लागली. वेबसाइटवर आता तीच लिहिणार होती. रेघा लेनर्ड पिम, काळं हॅरल्ड बीमिश. "आणि बूट माझे," ती म्हणाली. "बुटांचं श्रेय मी सोडणार नाही. तुमचं नाव नीट सांगा, मला चूक नकोय."

पिमकाकांनी तोंड उघडलं, पण सांगितलं रोझीआंटीनेच. सरकारी खिडकीवर सांगतात तसं, एकेक अक्षर, मोठ्याने, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

तोवर पिमकाका टेबलावरच्या कागदावर काहीतरी काढत होते. त्यांनी तो कागद उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. एक भलामोठा बूट, जाड रेघेचा, आत काहीच नाही. मधोमध छोटी फुली.

जून बघत राहिली. "थांबा," ती म्हणाली, "ब्रश कुठेतरी असेल," आणि उठून गेली. पडद्यावर तिची रिकामी खुर्ची आणि मागे खिडकी. आतून खण उघडल्याचे आवाज येत होते, एकामागून एक.

"अरे पण ती तिकडे बसून स्क्रीनवर कशी भरणार ला?" रोझीआंटी कुजबुजली.

"श्श," पिमकाका म्हणाले. दोन्ही हातांनी कागद त्यांनी तसाच धरून ठेवला होता, जरासुद्धा न हलवता.